खोटी हाकाटी

'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण मुलांना सांगतो ती खोटे बोलण्याचा दोष त्यांच्या मनावर ठसावा म्हणून. परंतु त्या गोष्टीत गावकऱ्यांसाठीही एक बोध आहे, आणि तो सहसा सांगितला जात नाही. वारंवार खोट्या ठरलेल्या हाकेने गाव बहिरे होते; मग खरी हाक आली तरी कोणी उठत नाही. राखणदाराने उगाच ओरडू नये आणि ओरडण्याच्या वेळी गप्प राहू नये, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधणे किती कठीण आहे, याचा विचार आम्ही या महिन्यात करणार आहोत. त्यासाठी निवडलेले उदाहरण संगणकाच्या अंतरंगातील आहे. आपल्यापैकी अनेक घरांतील मुले-मुली पुण्याबंगळुरात याच व्यवसायात आहेत. ती दिवसभर नेमके काय करतात, याचीही थोडी कल्पना वाचकांस यावी.

प्रत्येक संगणकात एक मूळ कार्यप्रणाली असते आणि तिच्या गाभ्यास कर्नेल म्हणतात. १९९१ साली जन्मलेल्या लिनक्सचा कर्नेल आज मोठमोठ्या संगणकांत, तसाच आपल्या हातातील अँड्रॉइड दूरध्वनीतही असतो. या कर्नेलमध्ये २००२ सालापासून एक व्यवस्था आहे. एखादी माहिती बदलावयाची झाल्यास जुनी प्रत तत्काळ फेकून न देता नवी प्रत शेजारी तयार करावयाची. नव्याने येणाऱ्यांनी नवी वाचावी. आणि जुनी वाचणारे सर्वजण मोकळे झाले म्हणजेच जुनी काढावी. आपल्याकडील पंगतीचाच हा रिवाज होय. शेवटचा पाहुणा उठल्याखेरीज पत्रावळी उचलीत नाहीत. पण एखादा पाहुणा उठेचना, तर वाढपी खोळंबतात, पुढची पंगत खोळंबते. म्हणून कर्नेलमध्ये एक राखणदार नेमलेला आहे. मूळ लिनक्समध्ये साधारणपणे २१ सेकंद वाट पाहूनही एखादा प्रक्रियक मोकळा झाल्याची खूण मिळाली नाही, की तो 'अमुक प्रक्रियक अडकला' अशी हाकाटी करतो. संगणकाच्या जगात २१ सेकंद म्हणजे युगच. ही हाकाटी बहुधा खरी असते आणि मोठ्या बिघाडाची पहिली वर्दी तीच देते.

आता अडचण पाहा. कर्नेलमधील दोष शोधणाऱ्यास तो चालता चालता मध्येच थांबवून आत डोकवावे लागते. त्यासाठी डीबगर नावाचे साधन वापरतात. दोन संगणक तारेने जोडावयाचे, एकावरून दुसऱ्याचा कर्नेल जागच्या जागी गोठवावयाचा आणि त्याची स्मृती निवांतपणे तपासावयाची. लिनक्ससाठीच्या अशा साधनास 'केजीडीबी' म्हणतात. त्याच्या घडणीत महाराष्ट्राचा वाटा आहे, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असेल. अमित काळे यांनी आणि पुण्यातील लिनसिससॉफ्ट टेक्नॉलॉजीज या संस्थेने या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत ते जोपासले. त्यांची नावे मूळ आज्ञावलीच्या शिरोभागी आजही नोंदलेली आहेत. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांना डीबगरची आवड नव्हती. त्यामुळे हे साधन कित्येक वर्षे उंबरठ्याबाहेरच राहिले, आणि २००८ साली जेसन वेसेल यांच्या प्रयत्नांनी मुख्य लिनक्समध्ये आले.

पंगत भर रंगात असताना पाहुणे, वाढपी, राखणदार सारे जण पुतळ्यासारखे गोठले, आणि बाहेरील घड्याळ मात्र चालत राहिले, अशी कल्पना करा. तपासनिसाने दहा मिनिटांनी सर्वांस जागे केले. राखणदार घड्याळाकडे पाहतो आणि ओरडतो, 'हा गृहस्थ दहा मिनिटे उठलेला नाही!' वास्तविक तो बिचारा घासभरच जेवलेला असतो. दोष शोधणाऱ्याच्या पडद्यावर अशा खोट्या इशाऱ्यांची रांग लागते. ज्या खऱ्या दोषाच्या मागावर तो असतो, तो त्या गर्दीत हरवून जातो.

यावर उपाय म्हणून डीबगर निरोप घेताना राखणदारांच्या खांद्यावर हात ठेवून सांगतो, 'मधला काळ मोजू नका.' हा निरोप तीन राखणदारांस जातो: प्रक्रियक एकाच कामात गुंतून पडला काय हे पाहणारा, घड्याळाच्या अचूकतेवर नजर ठेवणारा आणि वर सांगितलेला पंगतीचा. उपाय सरळ दिसतो; पण तो नीट बसावयास वर्षे लागली. आमच्या मते खरा बोध तेथेच आहे.

पूर्वी या निरोपाचा अर्थ असा होई की, चालू पंगत संपेपर्यंत पंगतीच्या राखणदाराने तोंड उघडूच नये. खोटी हाकाटी थांबली. पण त्याच पंगतीत कोणी खरोखर अडकला, तर तेही कळेना. २०२१ साली सर्गेई सेनोझात्स्की यांनी ही उणीव दाखवून बदल केला: राखणदाराने गप्प बसू नये, जागे झाल्या क्षणापासून नवी मुदत मोजावी. हे न्यायाचे होते. परंतु खोटी हाकाटी परत आली! कारण मोठे मौजेचे आहे. डीबगर निरोप देतो त्या क्षणी कर्नेलचे स्वतःचे घड्याळ अद्याप जुनीच वेळ दाखवीत असते. नवी मुदत त्या जुन्या वेळेपासून मोजली जाई. पाठोपाठ घड्याळ एकदम पुढे सरके, आणि मुदत सुरू होण्याआधीच टळून गेलेली असे. अखेर २०२३ साली हुआचाई चेन आणि जोएल फर्नांडिस यांच्या प्रयत्नांतून तोड निघाली. जागे झाल्यावर मुदत तात्पुरती खूप लांब ठेवावी, राखणदाराच्या तीन फेऱ्या होऊ द्याव्यात, तोवर घड्याळ ताळ्यावर येते; मग खरी मुदत ठरवावी. मौन आहे, पण ते तीन फेऱ्यांपुरतेच.

आता भोपाळकर वाचकांस हा विषय परका का वाटू नये, ते सांगतो. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात दोन भोंगे होते, एक आतल्या कामगारांसाठी आणि एक बाहेरच्या वस्तीसाठी. १९८२ साली त्यांची जोड तोडण्यात आली, जेणेकरून आतला वाजत ठेवून बाहेरचा बंद करता यावा. किरकोळ गळतीने लोक घाबरू नयेत, हा हेतू. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री अकराच्या सुमारास ६१० क्रमांकाच्या टाकीतील दाब सुमारे पाचपट झाला, तेव्हा तो मापकाचाच दोष असेल असे मानले गेले. मध्यरात्रीनंतर पाऊण वाजण्याच्या सुमारास भोंगा वाजला. बाहेरचा मात्र लगेच बंद करण्यात आला. तो पुन्हा अखंड वाजू लागला तेव्हा दोन वाजून गेले होते. समोरच्या जयप्रकाश नगरात तोवर काय झाले होते, हे या शहरास सांगावयास नको.

दोन्ही ठिकाणी भय एकच होते: खोट्या इशाऱ्याचे. ते भय अवास्तव होते असे आम्ही म्हणणार नाही. उगाच वाजणारा भोंगा घातकच. भेद आहे तो उपायात. कर्नेलच्या कारागिरांनी राखणदाराचे तोंड बांधण्याचा सोपा उपाय आधी करून पाहिला, त्यातील धोका ओळखला, आणि मग इशारा खोटा का ठरतो याच्या मुळाशी गेले. येथे मूळ शोधण्याऐवजी आवाज बंद करण्याची कळ बसविली गेली, आणि ती कळ कोणत्या क्षणानंतर आपोआप निष्प्रभ व्हावी, याची सोय कोणी केली नाही.

घरातील धुराची घंटा स्वयंपाकाच्या वाफेनेही वाजते म्हणून तिची विजेरी काढून ठेवणारे, किंवा मापकाचा काटा नेहमीच चढलेला दिसतो म्हणून त्याकडे न पाहणारे, आपल्यातही आहेत. त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते: घंटेची जागा बदला, मापक तपासून घ्या, आणि काही काळ आवाज बंद ठेवणे भागच असेल तर तो पुन्हा केव्हा सुरू होणार, हे बंद करण्यापूर्वीच ठरवून ठेवा.