जनुकाचा वाहक निरुपद्रवी हवा

रायपूर शहरात सिकलसेल या विकारासाठी स्वतंत्र शासकीय संस्था आहे. छत्तीसगढमध्ये या आनुवंशिक रोगाने किती मूळ धरले आहे, याची ती साक्षच होय. हीमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. एवढ्याशा फरकामुळे प्राणवायू सोडल्यावर तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबतात आणि रुग्ण वेदनांनी तळमळतो.

या रोगावरील जनुकोपचारास २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेने मान्यता दिली. परंतु त्यासाठी रुग्णाच्या मूलपेशी बाहेर काढून त्यांत बदल करावा लागतो. त्या परत सोडण्यापूर्वी तीव्र औषधांनी अस्थिमज्जा रिकामी करावी लागते. अमेरिकेत अशा एका उपचाराची किंमत २२ लाख डॉलर ठरली. बस्तरमधील शेतमजुराच्या मुलास हा मार्ग बंदच आहे.

उपचारद्रव्य थेट शरीरातील पेशींत पोचविता आले, तर हा खटाटोप टळेल. त्यासाठी वाहक हवा. विषाणू हा कुशल वाहक खरा. पण १९९९ साली दुसऱ्या एका विकारावरील प्रयोगात, विषाणूवाहकाविरुद्ध उसळलेल्या प्रतिक्रियेने जेसी गेल्सिंगर हा १८ वर्षांचा अमेरिकन तरुण दगावला.

म्हणून रसायनशास्त्रज्ञ बहुवारिकांकडे, म्हणजे पॉलिमरांकडे वळले. पॉलिएथिलिनइमाइन हे बहुवारिक १९९५ पासून या कामी प्रसिद्ध आहे. त्याचा धनभार ऋणभारित डीएनएला कवटाळतो; पण तोच धनभार पेशींच्या पटलास इजा करतो. गुण तोच दोष! यावर उपाय म्हणून काही धनभार ॲसिटिल गटांनी झाकतात, अथवा पेशीत शिरताच तुटतील असे गंधकबंध साखळीत गुंफतात. मात्र भार प्रमाणाबाहेर झाकला, तर डीएनएवरील पकड सुटते.

तेव्हा वाहकाची परीक्षा दोन प्रश्नांनी व्हावयास हवी: त्याने माल पोचविला काय, आणि काम संपल्यावर तो अपाय न करता शरीराबाहेर गेला काय? दुसरा प्रश्न मागाहून विचारण्याचा नव्हे. गरिबांसाठी स्वस्त औषध याचा अर्थ कमी सुरक्षित औषध असा होता कामा नये.

असा वाहक सिकलसेलच्या रुग्णापर्यंत अद्याप पोचलेला नाही. तोवर रक्ततपासणी व हायड्रॉक्सियुरिया हीच हाताशी असलेली साधने आहेत. उद्याच्या आशेपायी त्यांची हेळसांड करणे म्हणजे आजच्या रुग्णास वाऱ्यावर सोडणे होय.