भिंत चालली पाहिजे!

दर सोमवारी सकाळी साडेनऊला माझ्यासमोर पंधरा-वीस नवी माणसं बसलेली असतात. कडक इस्त्रीचे शर्ट, गळ्यात कोरं आयडी कार्ड आणि चेहऱ्यावर ‘आपण बरोबर बिल्डिंगमध्ये आलोय ना?’ असा भाव. मी पुण्यात एका आयटी कंपनीत एचआरमध्ये आहे आणि माझ्या कामाला म्हणतात ऑनबोर्डिंग. म्हणजे काय, तर नव्या माणसाला परकं वाटू द्यायचं नाही. त्यासाठी बॅग, पाण्याची बाटली, टी-शर्ट, चॉकलेटं असा सगळा थाट. शिवाय प्रत्येकाला एक ‘बडी’, म्हणजे पहिले पंधरा दिवस वाट्टेल ते विचारायला हक्काचा माणूस.

आणि या सगळ्यांना मी सर्वांत आधी काय सांगते, माहितेय? वॉशरूम कुठे आहे ते! हसू नका. ज्याला हे विचारायची लाज वाटते, तो पुढे काहीच विचारत नाही. हे मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं नाही. हे मी पाचवीत शिकले.

तर झालं असं. जूनमध्ये वहिनीचा फोन आला. ‘‘ताई, सोमवारी चिऊचा हायस्कूलचा पहिला दिवस आहे. तुम्ही याल का?’’ मला वाटलं, कौतुकाने बोलावतेय. मी म्हटलं, ‘‘अगं, दादा आहे ना!’’ तर म्हणाली, ‘‘त्यांची पेरणी चाललीय. आणि माझ्याच्यानं तिथं बोलवत नाही हो.’’

माझी वहिनी! भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी अर्धा तास हुज्जत घालणारी बाई. तिला शाळेत बोलवत नाही? मी सुट्टी टाकली.

आमचं गाव पुणतांबा. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, तोंडात मात्र अजून नगरच येतं. तुमच्यापैकी काहींना 1 जून 2017 आठवत असेल. शेतकऱ्यांच्या संपाची ठिणगी पडली ती आमच्या पुणतांब्यातून. ट्रेनने शिर्डीला जाणाऱ्यांना गावाचं नाव वेगळ्या कारणाने माहीत असतं. दौंड-मनमाड लाइनवरून शिर्डीचा फाटा फुटतो तो इथेच, 2009 पासून. आम्हा गावकऱ्यांना विचाराल तर पुणतांबा म्हणजे गोदावरीचा काठ आणि चांगदेव महाराजांची समाधी. हे चांगदेव लक्षात ठेवा हं, पुढे लागणार आहेत.

तर मी आणि पाचवी.

2001 चा जून. दादा सातवीनंतर शेतीत अडकलेला, त्यामुळे घरातून हायस्कूलला जाणारी मी पहिली. पंचक्रोशीतल्याच एका हायस्कूलमध्ये माझं नाव घातलं होतं. (शाळेचं नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही.) तोवर मी होते वस्तीवरच्या शाळेत. दोन खोल्या, दोन गुरुजी आणि सगळे विषय एकाच आवाजात. इथे मात्र दर तासाला घंटा, दर घंटेला नवे सर, अ-ब-क तुकड्या आणि हिंदी नावाचा नवा कोरा विषय. अण्णांनी मला सायकलच्या नळीवर बसवून आणलं. गेटपाशी उतरवलं आणि म्हणाले, ‘‘तू जाय आत. म्या हितं थांबतो.’’

अण्णा चौथी शिकलेले. अंगावर शेतातलेच कपडे. मी आत गेले. दिवसभरात मुलींची मुतारी कुठे आहे, हे मी कुणालाही विचारलं नाही. पाणीच प्यायले नाही, म्हणजे प्रश्नच नको! संध्याकाळी पोटात कळा घेऊन बाहेर आले तर अण्णा तिथेच, गेटाबाहेरच्या लिंबाखाली. पुढची सहा वर्षं ते कधीच गेटाच्या आत आले नाहीत. दहावीला माझा सत्कार झाला तोही त्यांनी कंपाउंडच्या भिंतीपलीकडून पाहिला. आणि खरं सांगू? ते बाहेर थांबायचे, याचं मला तेव्हा बरंच वाटायचं. माझ्या मैत्रिणींचे वडील पॅंट घालायचे ना!

असो. येऊ या यंदाच्या जूनकडे.

चिऊचं हायस्कूल वेगळं. शाळेने तयारी झकास केली होती. दारात रांगोळी, फुगे, ढोल, आणि हल्ली सगळीकडे असतो तसा एक सेल्फी पॉइंट. याला म्हणतात प्रवेशोत्सव. प्रत्येक नव्या पोराला गुलाबाचं फूल, पुस्तकांचा संच, वर शिरा. पाहुण्यांचं भाषण, टाळ्या, फोटो. माझ्यातली एचआर मनातल्या मनात मार्क देत होती. सजावट, पैकीच्या पैकी. खाणंपिणं, उत्तम. मग मी मागे वळून पाहिलं, तर वहिनी शेजारी नव्हतीच.

ती गेटाबाहेर होती. एकटी नाही. दहा-बारा जण होते. डोक्यावरचा पदर सारखा सावरणाऱ्या एक आजी, कामावरून थेट आलेला एक गवंडी, कडेवर तान्हं घेतलेली एक आई. सगळे आपापल्या पोराला आत सोडून बाहेर उभे. आत जायला कुणी मनाई केली नव्हती. गेट सताड उघडं होतं. पण कुणी ‘या’ही म्हणालं नव्हतं.

मी वहिनीला म्हटलं, ‘‘अगं, चल ना आत.’’ ती म्हणाली, ‘‘मोठ्या मॅडम समोर आल्या तर काय म्हणायचं, सुरुवात कशी करायची, तेच कळत नाही.’’

आणि मला चांगदेव आठवले.

गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. चांगदेव योगसामर्थ्याने 1400 वर्षं जगलेले. ज्ञानेश्वरांची कीर्ती कानावर आली आणि पत्र लिहायला बसले. पण मायन्यालाच गाडी अडली! वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार? कळेना, म्हणून कोरा कागदच पाठवून दिला. मुक्ताबाई हसली, इतकी वर्षं जगून कोराच राहिला म्हणाली. ज्ञानेश्वरांनी मात्र त्या कोऱ्या कागदाला उत्तर लिहिलं, 65 ओव्यांचं. तीच चांगदेव पासष्टी. मग चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन भेटीला निघाले आणि ही भावंडं ज्या भिंतीवर बसली होती ती भिंतच चालत त्यांना सामोरी गेली. आळंदीला आजही ती भिंत दाखवतात. पुढे मुक्ताबाई चांगदेवांची गुरू झाली.

आम्हाला लहानपणी ही गोष्ट सांगितली जायची ती गर्वाचं घर खाली होतं, हे कळावं म्हणून. त्या दिवशी गेटाबाहेर उभी राहून मला ती वेगळीच दिसली. हा तर एका नव्या विद्यार्थ्याचा प्रवेश आहे की! वय वर्षं 1400, कागद कोरा, बाईंना हाक काय मारावी माहीत नाही आणि आतून घाबरलेला. वाघ वगैरे नुसता देखावा. आपणही नव्या ऑफिसात पहिल्या दिवशी जरा जास्तच कडक इस्त्री करून जातोच ना! आणि त्याला सामोरं कोण आलं? भिंत आली. ज्याला कळत नव्हतं, त्याने चार पावलं जास्त चालावीत, असं कुणी म्हटलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई, ही पुराणातली वांगी. बरं, मग इतिहासातली घ्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांसाठी एकत्र बोर्डिंग सुरू केलं. शिकायचं असेल तर येतील मुलं, असं म्हणत ते बसून राहिले नाहीत. गावोगाव हिंडले, पोरं गोळा करून आणली. घरात दाणा नव्हता तेव्हा लक्ष्मीबाईंनी पोरांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. चालणारी भिंत आणखी कशी असते?

आज कायदा आपल्या बाजूने आहे. शिक्षणहक्काचा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. सरकारी शाळेत आठवीपर्यंत शिक्षण मोफत. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. वर्ष अर्धं सरलं तरी मुलाला परत पाठवता येत नाही. आमच्याकडे याचं मोल फार. दसरा-दिवाळीनंतर साखर कारखान्यांचे गळीत हंगाम सुरू होतात, ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात आणि त्यांच्यासोबत त्यांची पोरंही. शिवाय मुलींना पाचवी ते बारावी एसटीचा पास मोफत, तोही अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा. म्हणजे दार उघडं आहे. पण उघड्या दाराबाहेरही माणूस उभा राहतो, त्याचं काय?

त्या दिवशी त्याचं उत्तर एका शिपाईमामांनी दिलं. ते घंटा देऊन येत होते. बाहेरची गर्दी बघून थबकले आणि म्हणाले, ‘‘आवो, उन्हात काय उभे ऱ्हायले? आत या की. पोरगं कुठं बसणार, बघायचं नाही का?’’ बस्स. एवढंच. सगळे आत! मामा पुढे, आम्ही मागे. ‘‘ही पाण्याची टाकी. हे पोरींचं बाथरूम, कडी नीट लागती. जेवण हितं मिळतं. पोरगी आजारी पडली तर ह्या नंबरवर फोन करायचा. आन् हे तुमचे वर्गशिक्षक.’’ माझ्या कंपनीने ज्याच्यावर पंचवीस स्लाइडचं प्रेझेंटेशन बनवलंय, ते मामांनी आठ मिनिटांत उरकलं.

वर्गशिक्षक तरुण होते. त्यांनी हातातली वही उघडली आणि प्रत्येकाला एकच विचारलं, ‘‘तुमच्या मुलाबद्दल मला माहीत असायला हवं, असं काही आहे का?’’ गवंडीदादा म्हणाले, ‘‘जरा अडखळत बोलतो, सर. हसले की गप्पच होतो.’’ मग वहिनीची पाळी. मला वाटलं, आता ही माझ्याकडे बघणार. पण नाही. ‘‘सर, हिला लांबचं दिसत नाही. चष्मा आहे, पण घालायला लाजते. पुढं बसवाल का?’’ सरांनी लिहून घेतलं. चिऊ पहिल्या बाकावर गेली, दप्तरातून चष्मा काढला आणि कुणी बघत नाही ना, असं पाहून हळूच डोळ्यांवर चढवला.

चार महिने पोरगी अंदाजाने फळा वाचत होती आणि हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आईला माहीत होतं. ती गेटाबाहेर उभी होती.

संध्याकाळी ओट्यावर अण्णांना सगळं सांगितलं. आता थकलेत ते, पण ऐकत होते. मी सहज विचारलं, ‘‘अण्णा, माझ्या पाचवीच्या पहिल्या दिवशी तुम्ही दिवसभर गेटावर का थांबला होतात? सोडून घरी जायचं ना.’’

‘‘सरास्नी एक गोष्ट सांगायची व्हती,’’ अण्णा म्हणाले. ‘‘सर एकडाव गेटापत्तोर आले बी. पर काय म्हणून हाक मारावी, उमजंना.’’

‘‘काय सांगायचं होतं?’’

‘‘तू डावरी व्हतीस ना. म्हनलं सांगावं, डाव्या हातानं लिहिती म्हणून पोरीला मारू नका.’’

मंडळी, त्या वर्षी माझ्या डाव्या हातावर किती पट्ट्या बसल्या, हे मी अण्णांना कधीच सांगितलं नव्हतं. दिवाळीपर्यंत मी उजव्या हाताने लिहायला लागले. आजही ऑफर लेटरवर सही करते ती उजव्याच हाताने. मुलांना मारायला आता कायद्यानेच बंदी आहे. तेव्हा अण्णांचं एक वाक्य पुरलं असतं की नाही, देव जाणे. पण ते वाक्य गेटापर्यंत आलं होतं, आणि आत घ्यायला कुणी नव्हतं.

म्हणून तुम्हाला एक काम सांगते. आपल्यापैकी बरेच जण अशाच कुठल्यातरी गावातून आलोय. शाळेला देणगी द्या, कॉम्प्युटर द्या, छानच आहे. पण पुढच्या जूनमध्ये एक दिवस सुट्टीही टाका. आपल्या शाळेच्या गेटावर, बाहेरच्या बाजूला उभे राहा. जो आत जायला बिचकतोय त्याला म्हणा, ‘‘मी याच शाळेत होतो. चला, दाखवतो.’’ एका कागदावर लिहून द्या: पाणी कुठे, बाथरूम कुठे, बस किती वाजता, वर्गशिक्षक कोण, फोन कुणाला करायचा. दिवाळीनंतर टोळ्या आल्या की पुन्हा एकदा जा, कारण तेव्हा फुगे नसतात. नववीच्या वर्गालाही विसरू नका. मोफत पुस्तकं आणि शाळेतलं जेवण आठवीला संपतं. नेमकं तेव्हाच कुणीतरी विचारायला हवं, ‘‘बाबा रे, पुस्तकं मिळाली का?’’

गेल्या सोमवारी नव्या बॅचला वॉशरूम दाखवून झाल्यावर मी एक नवा प्रश्न विचारला. चिऊच्या सरांचाच. ‘‘तुमच्याबद्दल आम्हाला माहीत असायला हवं, असं काही आहे का?’’ मिनिटभर शांतता. मग मागच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला.

डावा हात होता. मी तिला पेन दिलं.