कालाची नोंद आणि तिचें प्रमाण

इ. स. १७३९ सालीं वसईचा किल्ला चिमाजीअप्पांच्या सैन्याच्या स्वाधीन झाला, हें आपल्या शाळेंतील प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे. परंतु शरणागतीचा करार कोणत्या दिवशीं झाला असें विचारल्यास, पोर्तुगीज गणनेनें १६ मे व तत्कालीन इंग्रजी गणनेनें ५ मे, अशीं दोन उत्तरें येतील. दोन्ही बरोबर होत. कारण पोपमहाशय तेरावे ग्रेगरी यांची सुधारलेली कालगणना पोर्तुगालनें १५८२ सालींच स्वीकारली, तर इंग्रज १७५२ पर्यंत जुन्या गणनेसच चिकटून राहिले. तात्पर्य, ती कोणत्या गणनेची हें कळल्यावांचून तारीख अपुरीच होय.

संगणकाच्या रचनाकारांपुढेंहि हाच प्रश्न होता. 'पॉसिक्स' नांवाच्या प्रमाणानें १ जानेवारी १९७० ची, जागतिक प्रमाणवेळेनुसारची, मध्यरात्र हा आरंभ मानून तेथून सेकंद मोजण्याचें ठरविलें. त्यांत प्रत्येक फाईलीच्या तीन वेळा नोंदविल्या जातात: ती शेवटीं केव्हां वाचली, तिचा मजकूर केव्हां बदलला, आणि तिची मालकी, परवानगी इत्यादि माहिती केव्हां बदलली. याउलट, जुन्या 'फॅट' पद्धतींत केवळ स्थानिक वेळ लिहिली जाते. ती कोठली, हें लिहीत नाहींत. दोन गणनांमुळें जो घोटाळा होतो, तोच येथें संभवतो.

पण या तीन वेळांत फाईलीच्या जन्माची वेळ नाहीं. मग तींतील चित्राच्या किंवा कागदाच्या जन्माची कोठून असणार? हल्लीं घरोघरीं आजोबांच्या लग्नाचीं छायाचित्रें, बाप्तिस्म्याचे दाखले, वाडीचे जुने दस्त मोबाईलवर टिपून ठेवतात. हें स्तुत्य आहे. मात्र "यंत्र तारीख घालतेंच, मग आपण कशास लिहावी?" हा विचार आम्हांस घातक वाटतो. यंत्र खोटें बोलत नाहीं. परंतु तें चित्र टिपल्याची किंवा फाईल बदलल्याची वेळ सांगतें, लग्नाची नव्हे. पन्नास वर्षांनीं नातवंडांस तीच तारीख खरी वाटेल.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, येत्या सुटींत वडीलधाऱ्यांजवळ बसा. प्रत्येक छायाचित्रांतील माणसें, गांव व साल विचारून घ्या, आणि फाईलीच्या नांवांत व वहींतहि लिहा. पालकांनींहि या कामीं मुलांस साह्य करावें. प्रमाण कितीहि निर्दोष असलें, तरी ज्यास आठवतें त्यानें सांगितल्यावांचून तें मुकेंच राहणार. आणि सांगणारीं माणसें सदैव आपल्यांत राहत नाहींत.