विमानातला फड

कॉलेजात मेटल ऐकणारी पोरं मोजून चार-पाच. पण त्यांच्या काळ्या टी-शर्टवर हमखास एक भेसूर चेहरा असतो. तो एडी, 'आयर्न मेडन' या ब्रिटिश बँडचा. स्टीव्ह हॅरिसनं १९७५ मध्ये काढलेला हा बँड पन्नाशीत पोचला आणि त्या निमित्तानं 'बर्निंग अ‍ॅम्बिशन' हा नवा माहितीपटही जाहीर झाला. आपल्याला मात्र त्यांचा जुना माहितीपट, २००९ चा 'फ्लाइट ६६६', जास्त जवळचा वाटेल. कारण त्यातला दौरा सुरूच मुंबईतून होतो.

१ फेब्रुवारी २००८ ला वांद्रे-कुर्ला संकुलात पहिला शो झाला. तिथून ४५ दिवसांत २३ शो. बँड, तंत्रज्ञ आणि सुमारे १२ टन सामान, सगळं एकाच बोइंग ७५७ मध्ये. विमान उडवणारा कॅप्टन कोण, तर रात्री स्टेजवर गाणारा ब्रूस डिकिन्सन! (लायसन्स खरंखुरं आहे, शंका नको.) सॅम डन आणि स्कॉट मॅकफेडन हे दिग्दर्शक कॅमेरा घेऊन सोबत फिरले. ड्रमर निको मॅकब्रेनच्या हाताला गोल्फचा चेंडू लागतो आणि शोचं काय, ही धाकधूक सुरू होते. कोलंबियात एका चाहत्याच्या हाती ड्रमची काठी लागते, तो ती धरून नुसता रडतो. फिल्म लक्षात राहते ती अशा जागांमुळे.

सातारा-सांगलीच्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. दसऱ्याला बाहेर पडायचं, ट्रकमध्ये तंबू, लाइट, पेट्या आणि माणसं भरायची, आज पुसेगावची यात्रा, मग पालीची, रात्री गण-गवळण आणि वग, पहाटे पुन्हा सामान बांधायचं. तमाशाचा फड याहून वेगळं काय करतो? भुताखेतांच्या वेशात स्टेजवर येणंही आपल्याला नवं नाही. १८४३ मध्ये सांगलीत 'सीता स्वयंवर' करणाऱ्या विष्णुदास भावे यांच्या परंपरेतले राक्षस राळेच्या भडक्यात, 'अलल्ल डुर्र' अशी आरोळी ठोकत रंगमंचावर यायचे. एडी बराच नंतरचा! राजाश्रय गेल्यावर भावे यांची मंडळीही गावोगाव फिरली, १८५३ मध्ये मुंबईला पोचली.

सांगलीजवळच्या कवलापूरचे काळू-बाळू घ्या. लहू आणि अंकुश खाडे, जुळे भाऊ. 'जहरी प्याला' या वगातल्या हवालदारांच्या भूमिकांनी त्यांना ही नावं दिली आणि खरी नावं मागे पडली. आता दोघंही नाहीत. यूट्यूबवर त्यांचे संवाद ऐकून आजही हसू येतं. पण गाडी कोण भरायचं, पावसानं तंबू भिजला की काय व्हायचं, जुळ्यांपैकी एक आजारी पडला तर वग कसा निभवायचे, हे मला त्या क्लिप्समध्ये सापडलं नाही.

'फ्लाइट ६६६' मध्येही एक गोष्ट नाही: पैसा. फिल्म बँडच्या मर्जीनं झाली, त्यामुळे भांडणं, हिशेब, पेटी उचलणाऱ्याचा पगार यांकडे कॅमेरा फारसा वळत नाही. मला ती त्यामुळे थोडी गुळगुळीत वाटली. फडावर फिल्म करायची तर ही सोय नाही. तिथं कलाकार हंगामाआधी मालकाकडून उचल घेतात आणि हंगामभर ती फेडतात. मार्च २०२० मध्ये ऐन यात्रांच्या दिवसांत लॉकडाऊन लागला. तंबू उभे राहिले नाहीत, उचल मात्र डोक्यावर तशीच. त्या वर्षाबद्दल बोलायला फडमालक, ढोलकीवाला आणि गाडीचा ड्रायव्हर तिघंही आज हयात आहेत आणि तिघांची गोष्ट एकसारखी असणार नाही. कॅमेरा आधी ड्रायव्हरपाशी न्यावा, असं मला वाटतं.