जरा कळ काढा!

आधीच सांगून टाकते. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा लंगडं आहे, तेव्हा चुका पोटात घाला. पण हा विषय मराठीतच लिहायला हवा, कारण तो मला आमच्या आजीनं शिकवला.

गोष्ट गेल्या मे महिन्यातली. मानकोलीच्या आमच्या घरी रात्री साडेनऊला लाइट गेली. हॉलमध्ये दोन फुटी फिशटँक आणि त्यात धाकट्या भावाचे चार गोल्डफिश. अकराच्या सुमाराला मेणबत्ती धरून बघतो तर काय, चौघंही वर येऊन धापा टाकतायत! भाऊ रडकुंडीला आला. मी लगेच बाह्या सरसावल्या. इंजिनीअर होणार ना मी! आजी खाटेवरूनच म्हणाली, “अगं पोरी, जरा कळ काढ.” मला वाटलं, स्विच काढायला सांगतेय. म्हटलं, “आजी, लाइटच नाहीये, कळ कसली काढू?”

मग मी सगळं पाणी उपसलं, दगड घासले, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून स्वच्छ केला आणि नळाचंच ताजं पाणी काठोकाठ भरलं. टँक कसा आरशासारखा! तेवढ्यात लाइटही आली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक मासा गेला. तिसऱ्या दिवशी दोन. भावानं एकच प्रश्न विचारला, “ताई, लाइट तर आली होती ना?”

उत्तर शोधायला पुस्तकं चाळली तेव्हा कळलं, की मासे लाइट गेल्यानं मेले नव्हते. मी मारले होते. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो विषारी. फिल्टरच्या त्या ‘घाणेरड्या’ स्पंजमध्ये राहणारे बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना जाळतं आणि हे बॅक्टेरियाही मारतं. म्हणजे मी एका रात्रीत विष ओतलं आणि विष उतरवणारेही धुऊन टाकले!

मग त्या रात्री करायला काय हवं होतं? फार थोडं. २० डिग्रीच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० डिग्रीला साडेसातच. मे महिन्यात मासे वर येणारच. टँकमधलंच पाणी मगनं घेऊन वीतभर उंचीवरून परत सोडत राहायचं, झाकण उघडं ठेवायचं आणि खाणं बंद. निरोगी मोठा मासा एक-दोन दिवस सहज उपाशी राहतो. बस्स!

टँक गळायला लागला तरी तेच. दोन फूट बाय एक बाय एकच्या टँकमध्ये ५६ लिटर पाणी, म्हणजे ५६ किलो वजन. तो उचलायला जाऊ नका, काच तडकेल. आधी प्लग काढा, मग मासे त्याच पाण्यासकट बादलीत घ्या. अचानक मासे मरू लागले तर मेलेले लगेच बाहेर काढा आणि फक्त पाव हिस्सा पाणी बदला, तेही अँटी-क्लोरीन टाकून.

कोणी म्हणेल, मासेच तर आहेत, एवढं काय? पण कॉम्प्युटरला यूपीएस नसेल तर आपण चारदा ओरडतो, आणि जो जीव आपण हौसेनं काचेत कोंडला त्याला काहीच नाही? १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई-ठाण्याची बत्ती गुल झाली, त्यात कळवा-पडघा लाइनचं नाव आलं होतं. पडघा म्हणजे आपल्याच भिवंडी तालुक्यातलं. थोडक्यात काय, लाइट कुठेही, कधीही जाऊ शकते. माझं स्पष्ट मत आहे, की टँक घेतानाच बॅटरीवरचा एअर पंप, अँटी-क्लोरीनची बाटली आणि एक झाकणाची बादली घेतली पाहिजे. परवडत नसेल तर टँकही घेऊ नये. ऐन वेळी दुकान गाठू म्हणाल, तर मानकोली नाक्याचं ट्रॅफिक तुम्हाला माहीतच आहे!

चौथा गोल्डफिश अजून आहे. भाऊ आता मला टँकला हात लावू देत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. परवा पुन्हा लाइट गेली तेव्हा तो मग घेऊन शांतपणे पाणी सोडत बसला होता. आजीचं वाक्य त्याला पहिल्या खेपेलाच समजलं होतं. मला मात्र तीन मासे गमावून कळलं.