टेबलावरून मूल उठवू नका

2022 ची दिवाळीची सुट्टी. दुबईच्या लेगोलँडमध्ये एका टेबलापाशी माझी सहा वर्षांची नात उभी होती. टेबलात खळगा करून लेगोचे तुकडे ओतलेले, शेजारी चाकं आणि ॲक्सल, आणि पलीकडे उतार. मुलांनी आपापली गाडी जोडायची आणि उतारावरून सोडायची. नातीची गाडी दर वेळी डावीकडे ओढत होती आणि कडेला आपटत होती. तीन-चार वेळा आपटल्यावर तिनं गाडी उलटी केली, एकेक चाक बोटानं फिरवून पाहिलं. तीन चाकं गरगर फिरली, चौथं अडलं. ते चाक बाजूच्या ठोकळ्याला घासत होतं. मी मागं उभा होतो, पण मुद्दाम बोललो नाही. तिनं ठोकळा काढला, चाक पुन्हा बसवलं, आणि तेवढ्यात जावयांचा फोन वाजला. बस निघतेय, दहा मिनिटांत गेटवर या.

आम्ही तिला तिथून ओढून काढली. ती बसपर्यंत रडत आली. आजीनं खाऊ पुढे केला, आईनं दुकानातून काही घेऊ म्हटलं. तिला त्यातलं काही नको होतं. चाक नीट बसवल्यावर गाडी सरळ जाते का, तेवढंच तिला बघायचं होतं.

कोल्हापूरला आयटीआयमध्ये मी 31 वर्षं फिटर ट्रेड शिकवला. जॉब हातात असताना पोराला वाइसवरून उठवायचं नाही, हा माझा वर्गातला नियम. ज्या क्षणी चूक कुठं आहे ते त्याच्या हाताला कळतं, तो क्षण पुन्हा येत नाही. आणि माझ्याच नातीच्या बाबतीत मी तो नियम मोडला. म्हणून हे लिहितोय. मराठी घरं आता दिवाळीत आणि मे महिन्यात दुबईला, सिंगापूरला जातात. सिंगापूरहून पूल ओलांडून मलेशियाच्या लेगोलँडलाही जाऊन येतात. एवढा पैसा घालून जाताय, तर मुलांचा तो दिवस मोडू नका.

आम्हाला नेणाऱ्या सहल कंपनीनं त्या दिवशी सकाळी एक ठिकाण, संध्याकाळी वाळवंटातली सफर आणि मधल्या तीन तासांत लेगोलँड असं बसवलं होतं. दोष एकट्या कंपनीचा नाही. जाहिरातीत ठिकाणं मोजून सहल निवडणारे आपणच. मी स्वतः लेकीला म्हणालो होतो, ‘बघ, त्याच पैशात दोन ठिकाणं जास्त आहेत.’ आता ठाम सांगतो: या पार्कला सकाळपासून संध्याकाळपर्यंत अख्खा दिवस द्या, आणि त्या दिवसाला दुसरं काही जोडू नका. ते जमणार नसेल तर लेगोलँड यादीतून काढून टाका. तीन तास दाखवून ओढून आणण्यापेक्षा न नेलेलं बरं.

कारण हे पाळण्यांचं पार्क नाही. पाळणे आहेत, ड्रॅगनची रोलरकोस्टर आहे, पण त्याचं मूळ हातानं करायच्या कामात आहे. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावात ओले कर्क ख्रिस्तियानसेन नावाचे सुतार होते. मंदीत सुतारकाम मिळेना, तेव्हा 1932 मध्ये ते लाकडी खेळणी करू लागले. ‘लाइ गॉट’ म्हणजे डॅनिशमध्ये ‘छान खेळ’, त्यावरून लेगो. आज आपण ओळखतो त्या, आतून नळ्या असलेल्या ठोकळ्याच्या पेटंटचा अर्ज 28 जानेवारी 1958 चा, आणि तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. कारखान्यात केलेली चित्रं-इमारती बघायला माणसं बिलुंडला येऊ लागली, तेव्हा 1968 मध्ये त्याच गावात पहिलं लेगोलँड उघडलं. दुबईचं 2016 मधलं.

कोल्हापूरला परतल्यावर मी नातीचा दोन बाय दोन बटणांचा ठोकळा व्हर्निअरला लावला. 15.8 मिलिमीटर. बटणापासून बटणाचं अंतर 8, म्हणजे हिशेबानं 16 भरायला हवा. तो 0.2 चा फरक मुद्दाम ठेवलेला क्लिअरन्स, शेजारचा ठोकळा घासू नये म्हणून. वर मात्र बटणं अशी घट्ट बसतात की उचलली तरी सुटत नाहीत, आणि चार वर्षांच्या बोटांनी ओढली तर निघतात. आमच्या पोरांना मेल-फिमेल जॉब (एकात एक बसणारे दोन तुकडे) कानस मारून असा बसवायला दीड-दोन महिने लागायचे. हे खेळणं हातात घेऊन मी पहिल्यांदा गप्प बसलो. पार्कात फॅक्टरी नावाचा विभाग आहे, तिथं ठोकळा कसा घडतो ते दाखवतात. तिथून पळू नका. मुलांना विचारा, हा चुकीचा झाला असता तर काय झालं असतं?

2024 च्या नोव्हेंबरात आम्ही पुन्हा गेलो. या वेळी शारजाला पुतण्याकडे उतरलो, सहल कंपनी नाही. नात आठची, नातू सहाचा. बुधवार निवडला. अमिरातीत शुक्रवारी सुट्टी असते हे आपल्याकडे अजून अनेकांच्या डोक्यात आहे. पण जानेवारी 2022 पासून तिथं शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस असतो. तेव्हा सोमवार ते गुरुवारातला दिवस बघा. 2 आणि 3 डिसेंबरला त्यांचा राष्ट्रीय दिवस असतो, ते दोन दिवस टाळा. नोव्हेंबर ते मार्च हवा बरी. मे-जूनमध्ये पारा चाळिशीपार जातो, तेव्हा लहान मुलांना तिथं उन्हात फिरवू नये असं माझं मत, मग तिकीट कितीही स्वस्त मिळो. पार्क शहराबाहेर, अबुधाबीच्या वाटेवर आहे. मेट्रो दारापर्यंत जात नाही, तेव्हा येण्या-जाण्याची गाडी आधी ठरवून ठेवा.

एक काम घरूनच करून जा. मुलाला बूट घालून दाराच्या चौकटीला उभं करा आणि टेपनं उंची घ्या. प्रत्येक राइडची उंचीची अट पार्कच्या संकेतस्थळावर असते. पहिल्या खेपेला आम्ही हे केलं नव्हतं. नातू रांगेत अर्धा तास उभा राहिला आणि दारावरच्या पट्टीपाशी दोन बोटं कमी पडला. चार वर्षांच्या पोराला त्या पट्टीपाशी ‘तू लहान आहेस’ हे ऐकवायची वेळ आणू नका. घरी चौकटीवर खूण करून सांगितलं असतं, ‘या रेषेवर आलास की ड्रॅगन,’ तर तो त्या रेषेची वाट बघत राहिला असता. दुसऱ्या वेळी खूण केली आणि तसंच झालं.

वयाचंही स्पष्ट सांगतो. हे पार्क दोन ते बारा वर्षांच्या मुलांचं. मला विचाराल तर चार ते नऊ सगळ्यात उत्तम. पंधरा वर्षांच्या भाच्याला सोबत ओढू नका, तो कंटाळेल आणि धाकट्यांनाही घाई करेल. त्याला शेजारच्या मोशनगेट पार्कमध्ये मोठ्या माणसाबरोबर पाठवा.

दुपारी बारा ते तीन मिनिलँडमध्ये काढा. दुबईत ते घुमटाखाली, वातानुकूलित आहे. सगळी दुबई लेगोची, आणि मधोमध 17 मीटर उंच बुर्ज खलिफा. आमच्या मंडळींचे गुडघे दुखतात, म्हणून त्या नातवाला घेऊन तिथं टेकल्या. काही बटणं दाबली की चित्रं हलतात. नातवानं एक बटण इतक्या वेळा दाबलं की मी उठवायला निघालो. मंडळी म्हणाल्या, ‘अहो, राहू द्या त्याला. तो बघतोय दाबल्यावर किती वेळानं हलतं ते.’ आणि खरंच, तो तोंडानं आकडे मोजत होता. सव्वा तास ती दोघं तिथं होती. त्या वेळात दोन-तीन राइड झाल्या असत्या, मला त्याची खंत नाही.

पाण्याच्या राइड आधी केल्या तर दिवसभर ओले कपडे, म्हणून त्या शेवटी ठेवा आणि कपड्यांचा एक जोड पिशवीत टाका. खाण्याचं काय आत नेता येतं तो नियम तिकीट काढतानाच वाचून घ्या.

ड्रायव्हिंग स्कूल मात्र सोडू नका. सहा ते तेरा वर्षांच्या मुलांना छोट्या विजेच्या गाड्या मिळतात, खरे वळणरस्ते, सिग्नल, पाट्या. तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी वेगळी छोटी वाट आहे. ही कल्पनाही बिलुंडची, पहिल्या पार्कापासूनची. दुसऱ्या खेपेला आमची दोघंही मोठ्या वाटेवर होती. नातू एका सिग्नलला लाल बघून थांबला. मागं-पुढं एकही गाडी नव्हती. बाकीची पोरं दुसऱ्या वळणाला धडका मारत होती. हा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, मान वर करून दिवा हिरवा व्हायची वाट बघत बसला. हिरवा झाला, मग निघाला. कठड्याबाहेरून त्याला हाका मारणारे आम्हीच होतो, ‘चल रे, चल की!’ मी लेकीचा हात धरून तिला गप्प केलं. कृपा करून कठड्याबाहेरून गाडी चालवू नका.

आणखी एक गोष्ट, पैसे न लागणारी. लेगोची छोटी माणसं असतात, डोकं, धड, पाय अशी. लेगोलँडमध्ये तिथल्या कामगारांबरोबर ती अदलाबदल करायची जुनी रीत आहे. घरातली दोन-तीन जुनी माणसं, पण अख्खी, मुलांच्या खिशात द्या. मोठ्यांशी बोलायला लाजणारी आमची नात एका कामगारापाशी स्वतः गेली, मुठीतला अग्निशामक दाखवला आणि ‘एक्सचेंज?’ म्हणाली. त्यानं खाली वाकून, तिच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन आपल्याकडची सगळी माणसं तिला दाखवली. ती निवडायला बराच वेळ लागला. त्यानं घाई केली नाही.

बाहेर पडायच्या वाटेवर दुकान आहे. मुलांची रक्कम घरीच ठरवा आणि त्यांच्या हातात द्या. मोठे तयार संच आपल्याकडेही मिळतात, ते तिथून वाहून आणण्यात अर्थ नाही. सुटे तुकडे निवडून घेता येतात ते घ्या. आमच्या दोघांनी चाकं, बिजागऱ्या आणि करडे ठोकळे घेतले. मला तेव्हा कळलं नाही करडे कशाला.

कळलं ते पुढच्या दिवाळीत. अंगणात दोघांनी किल्ला केला, दगड-मातीचा, गोणपाट टाकून, नेहमीसारखा. अळीव पेरलं, माथ्यावर महाराज सिंहासनावर, बुरुजांवर मावळे. आणि महादरवाजा करड्या लेगोचा, बिजागऱ्यांवर उघडणारा. दुसऱ्या दिवशी बिजागऱ्यांत चिखल वाळला आणि दरवाजा अडकला. नातवानं तो तिथून काढला, पायरीवर बसला आणि जुना टूथब्रश घेऊन एकेक बिजागरी साफ करू लागला. जेवायची हाक झाली. पुन्हा झाली. लेक बाहेर आली, कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत उभी राहिली, आणि काही न बोलता आत गेली. मी मागोमाग गेलो तर ती त्याचं ताट झाकून ठेवत होती.