करार नगरला, जग जामखेडला

आणखी एक आंतरराष्ट्रीय संबंध कक्ष! या आठवड्यात नगर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाचे निमंत्रण आले: फीत कापणे, परदेशी विद्यापीठाशी ऑनलाइन सामंजस्य करार, मग भोजन. फाटकावर फ्लेक्स, त्यावर पृथ्वीचा गोल आणि गोलापेक्षा मोठे अध्यक्षसाहेब. फ्लेक्सबद्दलचे माझे मत वाचकांना पाठ आहे: फ्लेक्स जेवढा मोठा, तेवढे ग्रंथालय लवकर बंद होते. पुरावा मागू नका, संध्याकाळी पाचनंतर जाऊन बघा.

यूजीसीने २०२१ मध्ये असे कक्ष काढा म्हणून सांगितले, नॅकच्या फाइलीत करार शोभून दिसतात, म्हणून करार होतात. किती मुले गेली, किती आली, असे विचारले की 'प्रक्रिया सुरू आहे'.

आता याच जिल्ह्यातले जामखेड बघा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला शिकले आणि १९७० मध्ये या दुष्काळी तालुक्यात येऊन बसले. आरोग्याच्या कामासाठी गावांनी आपल्यातल्याच बायका निवडून दिल्या. त्यांतल्या कितीतरी निरक्षर, बऱ्याचजणी दलित वस्तीतल्या. त्या बाळंतपणे करू लागल्या, पोरांची वजने घेऊ लागल्या, जुलाबाला मीठ-साखरेचे पाणी देऊ लागल्या. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशोदेशीच्या अशा प्रयोगांवर पुस्तक काढले, त्यात जामखेडवर अख्खे प्रकरण आहे. प्राथमिक आरोग्यसेवेवरची अल्मा आटाची गाजलेली परिषद त्यानंतर तीन वर्षांनी झाली. १९७९ ला आरोळे दांपत्याला मॅगसेसे मिळाला. पुढे तिथे प्रशिक्षण संस्था निघाली आणि परदेशातले डॉक्टर, विद्यार्थी या बायकांपुढे वही उघडून बसू लागले. दुभाषा लागतो तो पाहुण्यांना. त्यांच्यातल्या मुक्ताबाई पोळ तर वॉशिंग्टनच्या परिषदेत बोलून आल्या, तेही इंग्रजी संभाषणाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम न करता.

'जामखेड म्हणजे काही विद्यापीठ नव्हे', असे एक प्राध्यापक मला म्हणाले. नसेल. पण हार्वर्डला शिकलेल्या डॉ. बी. पी. हिवाळे यांनी १९४७ मध्ये अहमदनगर कॉलेज काढले, तेव्हा कुठला कक्ष होता? परदेशातल्या पोराने नगरला (बरं, अहिल्यानगरला) येऊन शिकायचे काय, हे आमच्या कक्षप्रमुखांना विचारा. ते वसतिगृहातले वायफाय सांगतात. हिवरे बाजारचे पाणलोट, प्रवरेचा सहकार, राहुरीचे कृषी विद्यापीठ त्यांच्या माहितीपत्रकात शोधून सापडत नाही. लंडनचा पूल मात्र सापडतो.

आणि याच नगरच्या निजामशाहीचा कारभार हाकणारा मलिक अंबर कुठला? इथिओपियाचा. तो १६२६ साली वारला, म्हणजे २०२६ हे चारशेवे वर्ष. जिल्ह्यातल्या एखाद्या इतिहास विभागाने अदिस अबाबाच्या विद्यापीठाला साधे पत्र धाडले असेल, तर प्रत पाठवावी. याच जागी छापतो, अध्यक्षसाहेबांच्या फोटोसह.